‘डेपो’ला काय म्हणावं: आगार, कोठार की वखार?

प्रश्न: ‘इंटरनेट बॅकप्लेन प्रोटोकॉल’, म्हणजे आयबीपी, यावर मराठीत लिहायचं आहे. टेनेसी विद्यापीठात मायका बेक, जेम्स प्लँक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. लांबलांबच्या सर्व्हरवरची मोकळी डिस्क कुणालाही ठरावीक मुदतीपुरती वापरता येते. अशा सर्व्हरला तिथे ‘डेपो’ म्हणतात. मराठीत ‘आगार’ चालेल? आणि ‘शेअर्ड स्टोरेज’ला ‘सामायिक साठवण’?

उत्तर: आगार नको. आगारातल्या गाड्या एसटीच्याच असतात. कोठारही घरचं आणि त्यातलं धान्यही घरचं. डेपोत जागा एकाची, माल दुसऱ्याचा. या व्यवहाराला मराठीत वखार हा शब्द आहेच, आणि राज्य वखार महामंडळामुळे तो आजही चालता आहे.

‘सामायिक’ तर दिशाभूल करतो. सातबाऱ्यावर सामायिक क्षेत्र म्हणजे अनेकांची मालकी. इथे मालकी हलत नाही, वापर तेवढा मिळतो. ‘मुदतीची साठवण’ म्हणा. ‘साठा’ हा शब्द आतल्या डेटासाठी राखून ठेवा. धरणाच्या बातम्यांत साठवण क्षमता वेगळी आणि पाणीसाठा वेगळा असतो, तसं.

पुरवणी: वखार घेतलीत तर पावतीही घ्या. किती बाइट आणि किती काळ हे सांगून जागा मागितली की डेपो तीन किल्ल्या देतो: वाचण्याची, लिहिण्याची आणि व्यवस्थापनाची. नाव-गाव विचारत नाही; किल्ली ज्याच्या हाती, हक्क त्याचा. म्हणून नुसती पावती नव्हे, ‘धारक पावती’. वाचण्याची किल्ली खुशाल वाटा. व्यवस्थापनाची मात्र जपा, कारण तिनं मुदतही वाढते आणि जागा सोडूनही देता येते.

दुरुस्ती: वखार मान्य, पण लेखात एक फरक ठळक लिहायलाच हवा. वखार मालाची जबाबदारी घेते, डेपो घेत नाही. कमाल मुदत आणि कमाल आकार डेपोचा मालक ठरवतो, त्याहून जास्त मागितलं तर नकार येतो. काही जागा तर केव्हाही काढून घेता येईल या अटीवरच मिळते. म्हणून फाइल तुकड्यांत आणि अनेक प्रतींत ठेवतात. 100 एमबीची फाइल, 10 एमबीचे तुकडे, प्रत्येकाच्या 3 प्रती: झाल्या 30 जागा. तिन्ही प्रती एकाच संस्थेच्या डेपोंवर ठेवल्या तर तिथली वीज गेली की तिन्ही एकदम बंद. त्याहून नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपू देणं. ‘रिफ्रेश’ला सरळ ‘मुदतवाढ’ म्हणा. ती मुदत संपण्याआधीच घ्यावी लागते, नंतर नाही.

या सगळ्या किल्ल्या आणि कुठला तुकडा फाइलीत कुठे बसतो ही नोंद ‘एक्सनोड’ या एक्सएमएल फाइलीत असते. तिचं मराठीकरण करू नये. युनिक्समध्ये फाइलीचा डेटा डिस्कवर कुठे आहे हे सांगणाऱ्या ‘आयनोड’ या नोंदीवरून ते नाव आलंय, ते नातं पुसलं जाईल. ती हरवली तर तुकड्यांच्या 30 च्या 30 प्रती शाबूत असूनही फाइल गेली.

पुन्हा पुरवणी: एका डेपोतून दुसऱ्यात थेट प्रत पाठवण्याची आज्ञाही आहे. इंग्रजी ‘थर्ड-पार्टी कॉपी’वरून तिला ‘त्रयस्थ प्रत’ म्हणू नका, ‘परस्पर पाठवणी’ म्हणा. माल परस्पर धाडला म्हणजे आपल्या दारी न आणता, हे कुणालाही कळतं. माल आपल्यामार्फत न्यायचा तर सेकंदाला 10 मेगाबिटच्या जोडणीवर 100 एमबी उतरवायला किमान 80 सेकंद, चढवायला पुन्हा तेवढेच. परस्पर पाठवणीत आपल्याकडून फक्त आज्ञा जाते.