मदत हवी आहे: टेक्सासमध्ये फोर-एचची नंबर प्लेट कुणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो. लेक दोन वर्षांपासून फोर-एच क्लबात (मुलांना शेती, पशुपालन अशा गोष्टी हाताने करायला शिकवणारी अमेरिकेतली संस्था) जाते. कोंबड्या पाळते, त्यांच्या दाण्यापाण्याचा हिशेब स्वतः वहीत लिहिते, आणि मुलखाची लाजरी असूनही यंदा परीक्षकांसमोर उभी राहून बोलली. हे त्या क्लबाचंच देणं, म्हणून त्यांच्या हिरव्या चार पानांच्या चिन्हाची नंबर प्लेट गाडीला लावायची आमची फार इच्छा आहे.

इथे या प्लेटचे वर्षाला ३० डॉलर जादा पडतात आणि त्यातले २२ फोर-एचच्या मुलांच्या उपक्रमांना जातात. आपल्याकडे पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत भरलेले पैसे सरकारी तिजोरीत जमा होतात, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून आवडली.

आता अडचण. आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन संपायला अजून पाच महिने आहेत. मधेच प्लेट बदलली तर त्या महिन्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात का? काउंटीच्या कर कार्यालयात फोन केला, तर दोन वेळा दोन वेगळी उत्तरं मिळाली. दुसरी गाडी लीजवर आहे. तिला ही प्लेट चालते का, की लीज कंपनीचं पत्र लागतं? टोल टॅगवर आणि विम्यात नवा नंबर कधी कळवायचा, प्लेट हातात आल्यावर की लावल्यावर?

ह्यूस्टन-डॅलसकडच्या ज्या ताई-दादांनी कुठलीही खास प्लेट घेतली असेल, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा. लेकीच्या वाढदिवसाआधी, तीन आठवड्यांत अर्ज करायचा आहे.