बातमी खरी असूनही अब्रूनुकसानीचा दावा : सुरुवातीलाच थांबवण्याची तरतूद कशी असावी?

चौकस

आमच्या लहानशा वृत्तसंकेतस्थळाने एका सार्वजनिक कंत्राटाविषयी बातमी दिली. प्रत्येक विधानामागे कागद आहे, प्रसिद्धीपूर्वी कंपनीला प्रश्न पाठवले होते आणि उत्तर आले नाही याचीही नोंद बातमीत आहे. तरीही वकिलामार्फत नोटीस आली : सात दिवसांत बातमी काढा, बिनशर्त माफी मागा, अन्यथा अब्रूनुकसानीचा दावा दाखल होईल. मागितलेली भरपाई आमच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाहून मोठी आहे. बातमीतले नेमके कोणते वाक्य खोटे आहे, हे मात्र चार पानी नोटिशीत कुठेही सांगितलेले नाही. न्यायालयात आपण जिंकू असे आमचे वकील म्हणतात, पण निकालापर्यंत आम्ही तग धरू का, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही.

असे दावे प्रारंभीच निकाली काढण्याची व्यवस्था कुठे आहे का? आणि ती केल्यास ज्याची खरोखर बदनामी झाली आहे, त्याला न्यायालयाचे दार बंद होणार नाही का?

कलम_कसाई

अशा दाव्यांना ‘स्लॅप’ (SLAPP, म्हणजे सार्वजनिक चर्चेतील सहभाग दडपण्यासाठी डावपेच म्हणून केलेले दावे) म्हणतात. त्यांत वादीला निकालाची फारशी घाई नसते, कारण त्याला हवे ते निकालाआधीच मिळत असते : वकिलांची फी, तारखांवर तारखा, संपादकाचे कामाचे दिवस वाया जाणे आणि पुढच्या बातमीच्या वेळी मनात येणारी धास्ती. म्हणून ‘शेवटी सत्य सिद्ध होईलच’ हा दिलासा येथे निरुपयोगी आहे. संरक्षण द्यायचे तर ते पहिल्या काही महिन्यांत, आणि खर्चाच्या बाबतीत दिले पाहिजे.

कॅलिफोर्नियाने 1992 मध्ये नेमके हेच केले. दाव्याची प्रत मिळाल्यापासून साधारणपणे 60 दिवसांत प्रतिवादी अर्ज करू शकतो. तो अर्ज दाखल होताच कागदपत्रे आणि जबान्या मागण्याची खर्चिक प्रक्रिया थांबते आणि दावा यशस्वी होण्याची शक्यता दाखवण्याची जबाबदारी वादीवर येते. त्याला ती दाखवता आली नाही, तर दावा जातो आणि प्रतिवादीच्या वकिलाची फीही वादीलाच भरावी लागते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने 2015 मध्ये केलेला कायदा मला अधिक विचारपूर्वक रचलेला वाटतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. तेथे प्रकरण सार्वजनिक हिताच्या विषयाचे आहे हे प्रतिवादीने आधी दाखवायचे असते. त्यानंतर आपल्या दाव्यात तथ्य आहे, समोरच्याकडे ग्राह्य बचाव नाही आणि झालेली हानी इतकी गंभीर आहे की तिच्यापुढे त्या अभिव्यक्तीचे सार्वजनिक महत्त्व कमी ठरते, हे वादीने पटवून द्यायचे असते. हे तिसरे वजन करणे हाच या कायद्याचा गाभा असल्याचे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पॉइंट्स प्रोटेक्शन प्रकरणात स्पष्ट केले. ज्याची खरी आणि गंभीर बदनामी झाली आहे, तो ही चाळणी पार करू शकतो.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र 22 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी ही कंपनी यांच्यातील प्रकरणात ब्लूमबर्गचा लेख हटवण्याचा एकतर्फी अंतरिम आदेश रद्द केला आणि खटला चालण्याआधीच प्रसिद्धी रोखण्याबाबत न्यायालयांनी अत्यंत सावध राहावे, असे बजावताना स्लॅप दाव्यांचाही उल्लेख केला. खर्चाची बाजू मात्र लंगडीच आहे. खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-अ खाली सर्वसाधारण दाव्यात देता येणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा 3,000 रुपये आहे. एवढ्या रकमेची धास्ती कोणती कंपनी घेईल?

दुसरी_बाजू

वरील विवेचन मान्य आहे, परंतु कॅलिफोर्नियाची गोष्ट अर्धीच सांगितली गेली. ज्या बड्या कंपन्यांपासून संरक्षण द्यायचे होते, त्याच कंपन्या ग्राहकांनी केलेले दावे उडवून लावण्यासाठी हे अर्ज करू लागल्या. शेवटी 2003 मध्ये तेथील विधिमंडळाला कायद्याचा चिंताजनक गैरवापर होत असल्याचे नमूद करून व्यापारी जाहिरातबाजी आणि विशिष्ट लोकहिताचे दावे त्यातून वगळावे लागले. कायदा कोणासाठी आहे हे मसुद्यातच न लिहिल्यास ज्याचा वकील महाग, त्याच्याच तो कामी येतो.

अशा दाव्यांविरुद्ध युरोपीय संघानेही एप्रिल 2024 मध्ये निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचे नियम, काढला आहे. त्याविषयीही थोडे सबुरीने बोलावे. उघडपणे निराधार दावा लवकर फेटाळणे, वादीकडून खर्चासाठी आगाऊ तारण घेणे, दंड करणे, हे सर्व त्यात आहे. परंतु तो सीमापार परिणाम असलेल्या दिवाणी प्रकरणांपुरताच आहे. फौजदारी फिर्याद त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि पत्रकाराला तुरुंगाची भीती घालणारी फिर्याद ही भरपाईच्या दाव्याहून सौम्य नसते.

कलम_कसाई

2003 च्या दुरुस्तीचा मुद्दा रास्त आहे. निर्देश अपुरा आहे हेही खरे, पण तो कशातून आला ते विसरता येत नाही. माल्टाच्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांची 16 ऑक्टोबर 2017 रोजी गाडीत स्फोट घडवून हत्या झाली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध 40 हून अधिक बदनामीचे दावे प्रलंबित होते. त्यांपैकी 19 एकट्या एका व्यावसायिकाचे होते. हत्येनंतरही अनेक दावे त्यांच्या वारसांविरुद्ध पुढे चालू राहिले. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. येथे नाक दाबले जाते ते तोंड बंद राहावे म्हणून.

रात्रपाळी

मी बरीच वर्षे वृत्तसंपादनात आहे. कायदा होईल तेव्हा होईल, हातातल्या नोटिशीविषयी लिहितो.

बातमी घाईने काढू नका आणि गुपचूप बदलूही नका. तथ्याची चूक आढळल्यास दुरुस्ती तारखेसह जाहीर करा, अन्यथा मजकूर आहे तसा ठेवा. मसुदे, ध्वनिमुद्रणे, कंपनीला पाठवलेले ईमेल, त्यांच्या वेळा, यांतले काहीही पुसू नका. सूत्रांची ओळख उघड करणारे टिपण मात्र उरलेल्या कागदांपासून वेगळे ठेवा आणि त्याविषयी वकिलाशी आजच बोला, कारण कागद हजर करण्याचा आदेश आल्यावर असे वेगळे काढणे संशयास्पद दिसते. समाजमाध्यमांवर नोटिशीची खिल्ली उडवण्याचा मोह आवरा. ते वाक्य द्वेषबुद्धीचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर येईल. खर्चाचा प्रश्न असेल तर मीडिया डिफेन्स ही लंडनमधील संस्था जगभरच्या पत्रकारांना कायदेशीर साहाय्य देते. दावा दाखल होण्याची वाट न पाहता तिच्याकडे अर्ज करा.

आणि नोटिशीला वकिलामार्फत उत्तर देताना एकच गोष्ट ठामपणे विचारा : बातमीतील कोणते विधान असत्य आहे आणि त्याला आधार कोणता? याचे उत्तर आले नाही, तर नोटीस, तुमचा प्रश्न आणि त्यांचे मौन ही तिन्ही कागदपत्रे न्यायाधीशांसमोर पहिल्याच तारखेला एकत्र ठेवता येतील.