रिडंडंट म्हणजे अनावश्यकच ना?

शब्दार्थी: सर्व्हरच्या ‘रिडंडंट पॉवर सप्लाय’चं (एक बंद पडला तरी दुसऱ्यावर चालावं म्हणून बसवलेल्या जादा वीजपुरवठ्याचं) मराठी कुणी ‘अनावश्यक वीजपुरवठा’ केलं की सगळे अनुवादकावर तुटून पडतात. माझ्या मते चुकतो तो इंग्रजी प्रयोगच. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ओसंडून वाहणे. ‘रिटर्न बॅक’मधलं ‘बॅक’ रिडंडंट, कारण काढून टाकलं तरी अर्थ तोच राहतो. जी वस्तू मुद्दाम पैसे मोजून बसवायची, तिला हे विशेषण कशाला? ‘स्पेअर’ आहे की.

जोडतार: असहमत. तुमचीच कसोटी लावा: दोनपैकी एक सप्लाय काढला तरी सर्व्हर चालूच राहतो. शब्द चपखल बसला! ‘स्पेअर’ मात्र बसत नाही. स्टेपनी डिकीत पडून असते, गाडी थांबवून लावावी लागते. इथे बहुधा दोन्ही सप्लाय एकाच वेळी लोड वाटून घेतात आणि एक गेला की दुसरा न थांबता सगळा भार उचलतो. अट अशी, प्रत्येकाची क्षमता पूर्ण भाराची हवी. 600 वॅट खाणाऱ्या सर्व्हरला 400 चे दोन लावले, तर एक जाताच दुसऱ्यावर ओव्हरलोड येऊन तोही बंद पडतो. दोन्ही एकाच एमसीबीवर घेतले तरी तेच, ती ट्रिप झाली की सगळं बंद.

मुद्रितशोधक: जोडतारशी सहमत. पुस्तकावरच्या आयएसबीएन क्रमांकाचा 13वा अंक बघा. पहिल्या 12 अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज करायची. शेवटचा अंक असा घ्यायचा की एकूण बेरजेला 10 ने पूर्ण भाग जावा. तो अंक नवीन माहिती काहीच देत नाही, म्हणून रिडंडंट. पण टंकताना कुठलाही एक अंक चुकला की त्याच्यामुळेच कळतं. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी सहसा कळतं. त्यांच्यात 5 चा फरक असेल, जसे 1 आणि 6, तरच चूक निसटते. याला ‘सुपरफ्लुअस’ (गरजेपेक्षा जास्त, फालतू) म्हणून बघा, लगेच खटकेल.

शब्दार्थी: यंत्रांचं आणि अंकांचं मान्य. पण ब्रिटनमध्ये नोकरी गेलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात. तिथे अर्थ ‘नकोसा’ असाच होतो आणि तो मनाला लागतो.

कलम_वाचा: बोलण्यात होतो, कायद्यात नाही. तिथल्या 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात कसोटी कामाची आहे: धंदा किंवा ती जागा बंद होणं, किंवा त्या प्रकारच्या कामाला माणसं कमी लागणं. काम नीट करत नाही म्हणून काढलं, तर ते रिडंडन्सी ठरत नाही. त्याच कामावर लगेच दुसरा माणूस घेतला, तर मालकाचा दावा टिकणं अवघड.

शब्दार्थी: तरी लेखनात मी हटणार नाही. वाक्यातला रिडंडंट शब्द म्हणजे दोषच, तो खोडायचा.

मुद्रितशोधक: सरसकट नको. चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरातही लिहितात. त्यातलं काय खोडाल?