स्वतःच्या रेस्टॉरंटमध्ये सिगारेट ओढू द्यायची की नाही, हे मालकाने ठरवायचं की कायद्याने?

गल्ल्यावरून:

नमस्कार मंडळी. पुण्यात पहिल्या मजल्यावर रेस्टॉरंट आणि परमिट रूम आहे, ३६ जणांची बसायची सोय. वर गच्चीवर पत्र्याची शेड, तिथे सध्या टेबलं नाहीत. मागच्या बाजूला आमचंच हिशेबाचं ऑफिस, त्यात सहा माणसं बसतात. बरीच गिऱ्हाइकं पेग घेता घेता जिन्यात जाऊन सिगारेट ओढतात आणि धूर वर-खाली सगळीकडे पसरतो. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात काचेची केबिन करावी की गच्चीच मोकळी करून द्यावी, हा विचार चालू आहे. ऑफिसातले तिघे ओढणारे आहेत, त्यांनाही तीच केबिन चालेल का?

तत्त्वाचाही एक प्रश्न आहे. जागा माझी, परवाना माझा. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की ‘इथे धूम्रपान चालतं, ज्यांना त्रास होतो त्यांनी येऊ नये’, आणि वेटरही ओढणारेच ठेवले, तर कुणाचं काय बिघडतं?

कलम चार:

आधी पाटीचा प्रश्न. नाही चालणार. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालतं. ‘सार्वजनिक’ याचा अर्थ सरकारी मालकीचं असा नाही. हक्काने असो वा नसो, लोकांचा जिथे वावर आहे ते ठिकाण सार्वजनिक. रेस्टॉरंटचं नाव कायद्यातच आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यात कामाची ठिकाणं, मॉल, कँटीन, पब, बार हेही स्पष्टपणे घातलं. त्यामुळे मालकी कुणाची हा मुद्दाच उरत नाही, आणि गिऱ्हाइकाची संमती घेतली म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

वेगळा धूम्रपान कक्ष करायची सवलत तिघांनाच आहे: ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त जणांची बैठक असलेलं रेस्टॉरंट आणि विमानतळ. तुमची ३६ ची बैठक त्यात बसते, पण इथेच बरेच जण फसतात. केबिन ८० चौरस फुटांची केली तर दोन-तीन टेबलं जाणार. केबिनमध्ये कुठलीही सेवा देता येत नाही, म्हणजे पेग नाही, चहा नाही, शेंगदाण्याची वाटीही नाही. मग तिथल्या जागा बैठकीत मोजा असं कुठल्या तोंडाने सांगणार? ३६ मधून आठ गेले की २८ उरतात आणि ज्या सवलतीवर केबिन उभी केली ती सवलतच जाते. भिंत घालण्याआधी टेबलांचा नकाशा कागदावर काढून मोजा. परमिट रूमचा नकाशा उत्पादन शुल्क खात्याने मंजूर केलेला असतो, त्यामुळे तिथेही आधी विचारा.

खोली कशी हवी तेही नियमांत आहे: चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट इमारतीबाहेर आणि आतला दाब बाकी इमारतीपेक्षा कमी. येण्या-जाण्याच्या दाराशी ती नको. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही अशी पाटी लागते.

बाकी हॉलच्या दारावर, प्रत्येक मजल्यावर आणि जिन्याशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा पांढरा फलक हवा. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं लाल वर्तुळ, मधे काट मारलेली सिगारेट किंवा बिडी, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव. ही नावाची जागा बऱ्याच फलकांवर कोरीच असते आणि तपासणीत पहिलं तेच दिसतं. हॉलमध्ये ॲशट्रे, काडेपेटी, लायटर द्यायचा नाही. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. तक्रार येऊनही तुम्ही हललात नाही, तर जितके गुन्हे तितका दंड मालकावर.

गच्चीबद्दल: कायदा ‘मोकळी जागा’ वगळतो, पण नियम म्हणतात की खुलं सभागृह, स्टेडियम, बसथांबा यांसारख्या लोकांच्या वावराच्या जागा मोकळ्या धरायच्या नाहीत. आयर्लंडसारख्या देशांत किती टक्के बाजू उघड्या हव्यात याचं माप कायद्यातच आहे, आपल्याकडे नाही. माझं मत सांगतो. टेबलं लावून ऑर्डर घेतलीत तर ती गच्ची म्हणजे रेस्टॉरंटच. पावसाळ्यात शेडला प्लॅस्टिकचे पडदे सोडलेत तर वादालाही जागा नाही. सेवा नसलेली, पत्रा काढलेली उघडी गच्ची ही तुमच्यासाठी सगळ्यात सुरक्षित वाट.

व्यक्ती आधी:

कायदा काय आहे ते कळलं, पण तो तसा असावा का, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. प्रौढ माणसं, कायदेशीर माल, खाजगी जागा, दारावर स्पष्ट सूचना. ज्याला धूर नको त्याच्यासाठी शेजारी दहा हॉटेलं आहेत. सिगारेटवर भरघोस कर घ्यायचा आणि ओढायला छप्पर ठेवायचं नाही, हे मला पटत नाही. खाजगी जागेत ठरवायचा पहिला हक्क मालकाचाच असायला हवा.

आणि बंदी घालायचीच तर ती विधिमंडळाने घालावी, परवान्याच्या अटींत गुपचूप घुसडून नव्हे. मुंबई महापालिकेने खानावळींच्या परवान्यात हुक्काबंदीची अट घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये नरिंदर चढ्ढा प्रकरणात टिकू दिली नाही. परवाना देणाऱ्याला कायद्याच्या पुढे जाता येत नाही. छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे.

कलम चार:

निकालाबद्दल सहमत. म्हणून तर राज्याने पुढे रीतसर कायदाच बदलला. डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जीव गेले, तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांवर बोट ठेवलं गेलं, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्याला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड आहे. तेव्हा केबिनमध्ये हुक्का ठेवायचा विचार कुणी सुचवला तर तिथेच थांबवा.

पण मालकाच्या हक्काबद्दल ठाम असहमत. गिऱ्हाईक तासाभराने उठून जातं. वेटर, बारमन, मोरीवरची मावशी तिथे दहा-दहा तास असतात. ‘नको असेल तर दुसरी नोकरी बघ’ हे ज्याला दोन ठिकाणी काम मिळतं त्याला सांगणं सोपं आहे. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये पबमधली सिगारेट बंद केली ती कामाच्या जागेचा कायदा म्हणूनच, कामगारांच्या फुप्फुसांचा विचार करून. ‘ओढणारेच वेटर ठेवू’ यानेही सुटत नाही. स्वतः दिवसाला पाच ओढणारा माणूस इतरांच्या दोनशे सिगारेटींचा धूर घ्यायला तयार आहे, असा अर्थ निघत नाही. आपल्याकडे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला, तोही न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा आधार घेऊनच.

डक्टवाला:

केबिन करायचीच असेल तर आकडे बघून घ्या. काच आणि दार म्हणजे धूम्रपान कक्ष नव्हे.

जुना संकेत माणशी ६० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ६० घनफूट, हवा बाहेर फेकण्याचा. एका वेळी आठ माणसं धरली तर ५०० सीएफएम. खोली ८ बाय १० आणि उंची ९ फूट असेल तर तासाला चाळीसएक वेळा हवा बदलेल. ही हवा हॉलमधूनच आत येणार, म्हणजे तुम्ही थंड केलेली हवा बाहेर टाकताय. उन्हाळ्या-पावसाळ्यात एसीवर दीड-दोन टनांचा जादा भार धरा.

भिंत फॉल्स सीलिंगपर्यंत नको, वरच्या स्लॅबपर्यंत हवी. बहुतेक जण सीलिंगला टेकवून सोडतात. वरच्या पोकळीतून हवा एसीकडे परत जात असली की धूर तिथून सगळ्या हॉलमध्ये फिरतो. केबिनमध्ये डक्टच्या एसीची परतीची जाळी असेल तर ती पत्र्याने कायमची बंद करा. आत वेगळा स्प्लिट एसी लावा.

भिंतीतला साधा पात्यांचा पंखा डक्टला जोडू नका. दोन वळणं आली की तो हवा ढकलायचं सोडून नुसता आवाज करतो. डक्टच्या दाबाला पुरणारा सेंट्रिफ्युगल किंवा इनलाइन पंखा घ्या. तोंड गच्चीच्या वर काढा, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून आणि ताज्या हवेच्या जाळीपासून निदान दहा फूट लांब. दाराच्या खालच्या भागात १८ बाय १२ इंचांची जाळी बसवा. पाती वजा जाता मोकळी जागा एक चौरस फुटाच्या आसपास उरते आणि ५०० सीएफएमला हॉल आणि केबिनच्या दाबात पाच-सात पास्कलचा फरक मिळतो, तेवढा पुरे. जाळीच नसेल तर हवा येणार कुठून? पंखा फिरतो, हवा हलत नाही.

सगळ्यात जास्त घोळ स्वयंपाकघरामुळे होतो. शेगडीवरचा धूर ओढणारा सहा फुटी हुड सहज १५०० ते २००० सीएफएम ओढतो. तेवढी हवा स्वयंपाकघरात बाहेरून येत नसेल तर हुड ती हॉलमधून खेचतो, हॉलचा दाब केबिनपेक्षा कमी होतो आणि धूर दाराखालून उलटा बाहेर येतो. दुपारी हुड बंद असताना चाचणी घेतली की सगळं छान दिसतं. रात्री नऊला, हुड पूर्ण वेगात असताना पेटती उदबत्ती दाराच्या जाळीशी धरा. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली पाहिजे. नुसती वर गेली किंवा बाहेर वळली तर काम अपुरं आहे.

आणि इतकं करूनही धोका शून्यावर येत नाही. वातानुकूलन अभियंत्यांची संघटना अ‍ॅश्रे हिचीही भूमिका तीच आहे. दार उघडताना दर खेपेला थोडी हवा बाहेर येतेच, शिवाय आत झाडू मारायला कुणाला तरी जावं लागतंच.

हजेरीपट:

ऑफिसचं राहिलं. तीस जणांची सवलत रेस्टॉरंटची आहे, ऑफिसची नाही. पाचशे माणसांच्या कंपनीलाही धूम्रपान कक्ष करता येत नाही, साहेबांच्या केबिनमध्येही नाही. रेस्टॉरंटची केबिन नियमात बसली तर तुमचे तिघे गिऱ्हाइकांसारखे तिथे जाऊ शकतील, ऑफिसच्या जागेत नाही.

खाजगी ऑफिसात २०० रुपयांपर्यंतचा दंड घ्यायचा अधिकार प्रमुखाला, एचआर मॅनेजरला किंवा प्रशासन बघणाऱ्याला नियमांनीच दिला आहे. तो पावती फाडून घ्यायचा आणि सरकारजमा करायचा. बऱ्याच ठिकाणी परस्पर ‘पगारातून दोन हजार कापू’ अशी नोटीस लावतात, ती चूक. पगारातला दंड ही वेगळी गोष्ट आहे: आधी मंजूर आणि जाहीर केलेल्या कृत्यांसाठीच, माणसाचं म्हणणं ऐकून, आणि त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

व्हेपचं कुणी विचारायच्या आत सांगतो. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री आणि साठा दोन्ही बंद आहेत, आणि जाणूनबुजून जागा साठ्यासाठी वापरू देणाराही अडकतो. काउंटरखाली कुणाचं खोकं ठेवून घेऊ नका.

गल्ल्यावरून:

सगळ्यांचे आभार. बैठक मोजली, केबिन केली तर २८ उरतात, त्यामुळे तो विषय संपला. गच्चीचा पत्रा काढून टेबलं न लावता उघडी ठेवली तर थोटकांचं काय करायचं? ॲशट्रे ठेवता येत नाही ना?

डक्टवाला:

ॲशट्रेची मनाई सार्वजनिक ठिकाणाला आहे. गच्ची खरोखर उघडी असेल तर वाळूने भरलेली लोखंडी बादली ठेवा, प्लॅस्टिकची नको. ती गॅस सिलिंडरच्या साठ्यापासून, डिझेलच्या डब्यांपासून आणि हुडच्या तोंडापासून लांब ठेवा. हुडच्या डक्टला आतून तेलाचा थर असतो, ठिणगी लागली तर तो पेटतो. रात्री बंद करताना बादलीत पाणी ओता, वाळू सकाळी बदला. जिन्याचं दार आपोआप बंद होणारं बसवा, नाहीतर धूर परत खाली हॉलमध्ये.