मदत हवी आहे: लॅपटॉप एआरएमवर गेला तर जुना फिल्म स्कॅनर चालेल का?

मी वापरतो त्या लॅपटॉप मालिकेचं पुढचं मॉडेल इंटेल सोडून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन या एआरएम प्रोसेसरवर येणार, अशी चर्चा आहे. कंपनीने दुजोरा दिलेला नाही. लॅपटॉप बदलायचाच आहे, पण आत्ता इंटेलवाला घ्यावा की थांबावं, हे एका यूएसबी फिल्म स्कॅनरवर अडलंय. घरातल्या जुन्या निगेटिव्ह त्यावरच स्कॅन करतोय. तो बदलणं परवडणार नाही.

मित्राच्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर (विंडोज ११) जोडून पाहिला. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर प्रिझम इम्युलेशनमधून (इंटेलसाठीची ॲप्स एआरएमवर चालवणारी विंडोजची सोय) झकास उघडलं, ड्रायव्हर मात्र बसलाच नाही. केबल, पोर्ट बदलूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह तसंच. प्रिझम ॲप्स चालवतं, कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) मात्र एआरएम६४, म्हणजे ६४-बिट एआरएमसाठीच बनवलेला लागतो, हे माहीत आहे. (२०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडायला सुरुवात केली तेव्हाही रोझेटा २ या त्यांच्या तशाच सोयीने ॲप्स सांभाळली, कर्नल एक्स्टेन्शन्स (मॅकच्या गाभ्यात चालणारे ड्रायव्हर वगैरे) नाहीत.) स्कॅनरचं उत्पादन थांबलंय, त्यामुळे नवा ड्रायव्हर येईल असं वाटत नाही. स्कॅनिंगसाठी जुना लॅपटॉप वेगळा ठेवायचा नाही, तेव्हा तो सल्ला नको.

विंडोजसोबत येणारा विनयूएसबी हा सर्वसाधारण यूएसबी ड्रायव्हर लावून, दुसऱ्या एखाद्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरने असा स्कॅनर एआरएम लॅपटॉपवर कोणी प्रत्यक्ष चालवला आहे का? असल्यास कोणतं सॉफ्टवेअर, आणि इन्फ्रारेडने धूळ काढणं त्यात चालतं का?