मदत हवी आहे : वडिलांच्या यकृतविकारातील रक्तस्राव

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. वडिलांना सिऱ्होसिस (यकृत कडक होण्याचा आजार) असून, कडक झालेल्या यकृतातून रक्ताला वाट मिळत नसल्याने पोर्टल शिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील) दाब वाढला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगल्या. गेल्या महिन्यात त्यांना डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली, म्हणजे आत रक्तस्राव होत होता. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम समजून आम्ही दोन दिवस दवडले, ही चूक आमचीच. त्यानंतर एंडोस्कोपीने फुगलेल्या शिरांवर ३ रबरी बँड बसवले आणि कार्व्हेडिलॉल हे शिरेतील दाब कमी करणारे औषध सुरू झाले. मात्र जठराच्या अस्तरावर सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसली असून (हीही वाढलेल्या दाबाचीच खूण), तिथून रक्त झिरपत असल्याने हिमोग्लोबिन ८ च्या वर जात नाही. जठरातून असे रक्त झिरपत असताना आर्गॉन प्लाझ्मा उपचार (एंडोस्कोपीतून आर्गॉन वायू व विजेच्या साहाय्याने रक्तस्राव थांबवणे) किंवा टिप्स (TIPS : दाब कमी करण्यासाठी यकृतातून नळी घालून रक्ताला वाट करून देणे) करून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? ठाणे किंवा नवी मुंबईत रात्री-अपरात्रीही तातडीची एंडोस्कोपी कोठे होते, हेही कृपया कळवावे.