मदत हवी आहे : शेपूट तुटलेलं ऱ्होडोप्सिन भलतीकडे का जातं?

मंडळी, एमएससीच्या सेमिनारला रॉड पेशीतलं (डोळ्याच्या पडद्यातली, मंद उजेडात बघायची पेशी) प्रोटीन ट्रॅफिकिंग, म्हणजे प्रोटीन पेशीत कुठे आणि कसं पोचतं ते, घेतलंय. डोळ्याचा विषय आहे, चित्रं भरपूर मिळतील, निभावून नेऊ असं वाटलं होतं, पण आता एका ठिकाणी गाडी अडलीये ती हलेना.

मला कळलंय ते आधी लिहिते. प्रोटीन बनवायची सगळी सोय पेशीच्या आतल्या भागात (इनर सेगमेंट) आणि प्रकाश पकडायच्या चकत्या बाहेरच्या भागात (आउटर सेगमेंट), म्हणजे तिथलं प्रत्येक प्रोटीन आतूनच जाणार आणि वाट काय तर तो पाव-एक मायक्रॉन जाडीचा कनेक्टिंग सिलियम, दोन्ही भाग जोडणारा बारीक देठ. त्यात रोज साधारण 10 टक्के चकत्या टोकाकडून गळतात, शेजारच्या पिगमेंट एपिथेलियमच्या पेशी त्या गिळतात आणि तळाशी तेवढ्याच नव्या बनतात. तळाशी नव्या चकत्या बनतात हे रिचर्ड यंगने 1967 मध्ये किरणोत्सारी अमिनो आम्लं देऊन दाखवलं, त्या आम्लांचा पट्टा दिवसागणिक टोकाकडे सरकत जातो, भारी दिसतं.

आता घोळ. माणसाचं ऱ्होडोप्सिन, म्हणजे चकत्यांमधलं प्रकाश पकडणारं प्रोटीन, 348 अमिनो आम्लांचं. शेवटची पाच, ग्लुटामिन-व्हॅलिन-अ‍ॅलनिन-प्रोलिन-अ‍ॅलनिन, ही आउटर सेगमेंटला जायची खूण. क्यू344टर (344व्या ग्लुटामिनपाशीच साखळी थांबवणाऱ्या) म्युटेशनमध्ये नेमकी हीच पाच उडतात, बाकी प्रोटीन जसंच्या तसं, तरी उंदरांच्या रॉडमध्ये ते पेशीच्या अंगाच्या पडद्यात साठतं आणि माणसाला रेटिनायटिस पिगमेंटोसा (दृष्टी हळूहळू जाणारा आनुवंशिक आजार) होतो. ठीक. पण 2008 चा बेडकाच्या टॅडपोलवरचा पेपर म्हणतो की कसलीच खूण नसलेलं मेम्ब्रेन प्रोटीन आपोआप आउटर सेगमेंटलाच जातं. मग हे शेपूट तुटलेलंही तिकडेच जायला हवं ना??

आणि जाता जाता, उजेड पडला की अरेस्टिन (ऱ्होडोप्सिनला चिकटून त्याचा सिग्नल बंद करणारं प्रोटीन) आउटर सेगमेंटला येतं, त्याला मोटर प्रोटीन (पेशीतलं माल ओढणारं प्रोटीन) ओढून आणतं का? मॅडमना विचारलं तर "वाच अजून" म्हणाल्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
तुम्ही एकतर इकडे नाहीतर तिकडे असं धरून चाललाय. क्यू344टर आउटर सेगमेंटलाही सापडतं, फक्त त्यातलं बरंच भलतीकडे सांडतं. रॉडमधलं बहुतेक नवं मेम्ब्रेन चकत्यांसाठीच निघतं, त्या लोंढ्यात बिनखुणेचं प्रोटीनही वाहून जातं. पण ऱ्होडोप्सिन एवढं प्रचंड बनतं की थोडंसं चुकलं तरी पेशीला जड जातं. माझ्या मते उलटी बाजू जास्त इंटरेस्टिंग आहे, जे जायला नको त्याला बाहेर कोण ठेवतं? सिंटॅक्सिन 3 (इनर सेगमेंटचं एक मेम्ब्रेन प्रोटीन) घ्या, बीबीएसोम (सिलियममधून प्रोटीनं बाहेर काढणारा प्रोटीनांचा गट) बिघडला की ते आउटर सेगमेंटला साठायला लागतं. स्लाइडवर क्यू344टरशेजारी पी23एच, ऱ्होडोप्सिनचंच दुसरं म्युटेशन, ठेवा. त्याची घडीच नीट पडत नाही म्हणून ते ईआरमध्ये (प्रोटीन घडवायच्या पेशीतल्या जागेत) अडकतं. आजार तोच, बिघाड वेगळा.

अरेस्टिनला मोटर लागत नाही. एटीपी (पेशीचं इंधन) तोडलं तरी उजेडात ते सरकतं, विरघळलेलं प्रोटीन आहे, नुसत्या डिफ्युजनने फिरतं आणि जिथे चिकटायला जागा मिळेल तिथे जमतं, उजेडात ती जागा म्हणजे ऱ्होडोप्सिन.

धागाकर्ती
खूप आभार! सिंटॅक्सिनचं डोक्यातच नव्हतं, स्लाइड बदलते. कोनमधल्या (रंग दाखवणाऱ्या पेशींतल्या) ऑप्सिनलाही, म्हणजे तिथल्या ऱ्होडोप्सिनसारख्या प्रोटीनलाही, अशी शेपटीची खूण असते का?

प्रतिसाद १
असते. शेवटून चौथं व्हॅलिन, शेवटून दुसरं प्रोलिन, ठेवण तीच.